दुखणे परतण्याआधी

सिसिली साँडर्सबाई (१९१८–२००५) प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या विकाराने ते काम सुटले. पुढे लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात स्वेच्छेने सेवा करताना त्यांनी पाहिले, की तेथे मरणपंथाला लागलेल्यांना मॉर्फिन ठरल्या वेळी, दुखणे परतण्याआधीच पाजतात. इतरत्र रोगी कळवळेपर्यंत थांबत. व्यसन लागेल ही भीती! मरणाऱ्याला व्यसनाचे भय घालावे, हे आम्हांस तरी उमजत नाही.

डॉक्टरांना पटवायचे तर स्वतः डॉक्टर व्हावे, म्हणून १९५७ साली बाई डॉक्टर झाल्या. सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी रोग्यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. वेळेवर औषध मिळालेली माणसे गुंगीत न पडता घरच्यांशी बोलत.

पण औषधाने सारेच भागत नसे. मागे राहणाऱ्या लेकरांची चिंता, एकटेपणा, देवाने टाकले की काय ही शंका, हेही दुखणेच. त्या त्याला समग्र वेदना म्हणत. म्हणून परिचारिकेने खाटेशी बसून आधी विचारावे, रोगी सांगेल ते खरे मानावे. सोसणे म्हणजेच भक्ती समजणाऱ्या आपल्या घरांत हे कितीजण विचारतात?

१९६७ साली बाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. २००५ मध्ये कर्करोगाने त्यांचा अंत झाला, तो तेथेच.