शब्दांचा इंजिनिअर

घरातून निघताना आपण आईला काय सांगतो? ‘येतो गं’ किंवा ‘येते गं’. खरं तर आपण जात असतो. पण चुकून ‘जातो’ म्हटलं की आजी डोळे वटारते. शब्दकोशात ‘येणे’ शोधलं तर हे कोडं सुटणार नाही. शब्दाचा अर्थ तो कुठे, कोणाशी आणि कशासाठी वापरला यावरून कळतो, हे ठासून सांगणारा तत्त्वज्ञ म्हणजे लुडविग विटगेनस्टाइन. गंमत म्हणजे, त्याचं पहिलं पुस्तक याच्या उलट टोकाचं होतं.

२६ एप्रिल १८८९ ला व्हिएन्नात त्याचा जन्म झाला. वडील कार्ल ऑस्ट्रियातले बडे पोलाद उद्योगपती, आणि आठ भावंडांत हा शेंडेफळ. घरात पैसा होता, संगीत होतं आणि दुःखही होतं. चार मोठ्या भावांपैकी तिघांनी आत्महत्या केली, असं मानलं जातं. चौथ्याचा, म्हणजे पियानोवादक पॉलचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला, तरी तो डाव्या हाताने वाजवत राहिला.

लुडविग निघाला इंजिनिअर व्हायला. आधी बर्लिन, मग १९०८ मध्ये मँचेस्टर. तिथे त्याने संशोधनासाठी पतंग उडवले, विमानाच्या प्रोपेलरचं पेटंटही घेतलं. पण आकडेमोड करता करता प्रश्न पडला, की गणित मुळात उभं कशावर आहे? मग १९११ मध्ये गडी थेट केंब्रिजला बर्ट्रांड रसेलकडे पोहोचला.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वेच्छेने भरती झाला. आघाडीवरही वहीत तत्त्वज्ञान लिहिणं सुरूच होतं. पॅरिसच्या एका कोर्टात अपघात कसा झाला हे छोट्या खेळण्यातल्या गाड्या मांडून दाखवल्याचं त्याने वाचलं होतं. वाक्यही तसंच काम करतं, असं त्याला वाटलं. वाक्य म्हणजे वस्तुस्थितीचं चित्र. ज्याचं असं चित्र काढता येत नाही, उदाहरणार्थ नीती किंवा आयुष्याचा अर्थ, ते शब्दांत सांगताच येत नाही. १९२१ मध्ये हे ‘ट्रॅक्टेटस’ छापून आलं. तत्त्वज्ञानाचे मुख्य प्रश्न सुटले, असं समजून त्याने विषयच सोडला. वारशाचा सगळा पैसा भावंडांना देऊन टाकला आणि खेड्यातल्या शाळेत मास्तर झाला.

मुलांसाठी तो खूप राबायचा. त्यांच्यासाठी शब्दांची एक छोटी डिक्शनरीही त्याने तयार केली. पण राग नाकावर. गणित चुकलं की मुलींनाही मार बसायचा. १९२६ मध्ये त्याने मारलेला अकरा वर्षांचा मुलगा बेशुद्ध पडला. विटगेनस्टाइनने नोकरी सोडली. मग काही काळ माळीकाम केलं आणि नंतर बहिणीसाठी व्हिएन्नात घर उभारलं.

१९२९ मध्ये तो केंब्रिजला परतला. तेच जुनं पुस्तक प्रबंध म्हणून दिलं, व्हायव्हा घ्यायला रसेल आणि मूर. डॉक्टरेट मिळाली, पण आता त्याला स्वतःचंच म्हणणं पटेना. ‘खेळ’ हा साधा शब्द घ्या. कबड्डी, बुद्धिबळ, भातुकली या सगळ्यांत समान काय? हार-जीत म्हणावी, तर ती भातुकलीत नाही. एकाच घरातल्या माणसांसारखं कुणाचं नाक जुळतं, कुणाची चाल, इतकंच. भाषाही अशीच. चित्र काढणं हे तिच्या अनेक कामांपैकी फक्त एक. हुकूम देणं, आभार मानणं, शिव्या देणं, विनोद करणं हे सगळे भाषेचे वेगवेगळे खेळ.

१९३६ मध्ये नॉर्वेतल्या एकांतात त्याने हे नवं पुस्तक लिहायला घेतलं. त्याच सुमारास त्याने जवळच्या माणसांकडे आपल्या चुकांची कबुली द्यायला सुरुवात केली. तो त्या जुन्या गावातही गेला आणि ज्यांना मारलं होतं, त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. काहींनी मोठ्या मनाने माफ केलं, काहींनी थंडपणे ऐकून घेतलं. नव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतही त्याने पहिल्या पुस्तकातल्या गंभीर चुका मान्य केल्या.

१९३९ मध्ये तो प्रोफेसर झाला. दुसऱ्या महायुद्धात मात्र केंब्रिज सोडून लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये वॉर्डावॉर्डात औषधं पोहोचवायचं काम करू लागला. २९ एप्रिल १९५१ ला कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ १९५३ मध्ये, तो गेल्यावर आलं.

आपण दिवसातून दहा वेळा ‘सॉरी’ टाइप करतो. धक्का लागला तरी सॉरी, लेक्चरला उशीर झाला तरी सॉरी. शब्द एकच, पण दहा वर्षांनी कुणाच्या तरी दारात उभं राहून तो म्हणायचा झाला, तर त्याचा अर्थ वेगळाच असतो. विटगेनस्टाइन वाचायला अवघड आहे, हे खरं. पण एवढं तर कट्ट्यावर बसूनही कळतं.