बादशहाचा थरथरता हात

मोगल बादशहा जहांगीर म्हटले की न्यायाची साखळी आणि चित्रकलेची पारख आठवते. त्याच्या आयुष्याला व्यसनाचीही एक बाजू होती. ती त्याने स्वतःच, फारसे न लपवता, ‘तुझुक-ए-जहांगिरी’ या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

१५६९ मध्ये सिक्रीला जन्मलेला शहजादा सलीम अठराव्या वर्षापर्यंत दारूपासून दूर होता. छावणी सिंधूकाठी अटकेजवळ असताना तो एकदा शिकारीहून दमून आला. एका घोटाने शीण जाईल, असे कोणीतरी सुचवले. त्याने गोड, पिवळसर द्राक्षमद्याचा दीड पेला घेतला आणि तो त्याला आवडला. मात्रा वाढत गेली. पुढे द्राक्षमद्य चढेनासे झाले, तेव्हा त्याने कडक अर्क धरला. नऊ वर्षांत मजल दोनदा गाळलेल्या अर्काच्या वीस पेल्यांवर गेली. चौदा दिवसा, उरलेले रात्री. जेवण एक कोंबडी, रोटी आणि मुळा एवढेच. हात इतके थरथरत की पेला दुसऱ्या कोणीतरी ओठांना लावावा लागे.

अखेर त्याने हकीम हुमाम यांना बोलावले. हकिमांनी मुलाहिजा ठेवला नाही. आणखी सहा महिने असेच चालले तर इलाज उरणार नाही, असे त्यांनी सांगितले. सलीमने ऐकले. अर्कात द्राक्षमद्य मिसळत, हळूहळू कमी करत, सात वर्षांत तो सहा पेल्यांवर आला. इतक्या जुन्या व्यसनात दारू एकदम तोडली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

त्याच्या भावांना मात्र सावरता आले नाही. शहजादा मुराद १५९९ मध्ये जालन्याच्या परिसरात, तिशीच्या आतच दारूने गेला. दानियाल बुऱ्हाणपूरला होता. अकबराने त्याच्यावर पहारा बसवला, तर नोकराने बंदुकीच्या नळीत भरून अर्क आत नेला. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश त्यात उतरला, आणि तो पिऊन दानियाल दगावला.

१६०५ मध्ये तख्तावर बसताच जहांगीरने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. आपण स्वतः पितो, हेही त्याने तिथेच लिहिले. शुक्रवारच्या आदल्या रात्री मात्र तो पीत नसे. पेले कमी झाले, पण अफू जडली. चाळिशीनंतर दिवसा आठ गुंजा, रात्री सहा गुंजा असा तिचा हिशेब होता. चोवीस वर्षे न प्यालेल्या खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, पहिला पेला आग्रहाने वडिलांनीच दिला. खुर्रमने काही वर्षांनी दख्खनच्या वाटेवर दारू चंबळेत ओतून सोडून दिली. दुसरा मुलगा परवेझ १६२६ मध्ये बुऱ्हाणपूरलाच दारूपायी गेला.

हकिमांचे ऐकल्यामुळे जहांगीरला पुढे तीस वर्षे मिळाली. पण सुटका झाली नाही. १६२७ च्या ऑक्टोबरात काश्मीरहून लाहोरकडे परतताना दम्याने तो खंगला. चाळीस वर्षांच्या सोबतीची अफूही नकोशी झाली. वाटेत त्याने दारूचा पेला मागवला. तो ओठांना लावला गेला, पण घोट घशाखाली उतरला नाही.