मोक्पोची गायिका

कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाला मोक्पो हे बंदर आहे. पाठीशी युदाल पर्वत, पुढे बेटांनी भरलेला समुद्र. येथील एका दरिद्री कुटुंबात १९१६ साली ली नान्यंग हिचा जन्म झाला. त्यापूर्वी सहाच वर्षे जपानने कोरिया गिळंकृत केला होता. कोवळ्या वयातच नान्यंग फिरत्या नाटकमंडळीत शिरली व गाऊ लागली. तिचा आवाज किंचित नाकातून येई. पण त्याच आवाजाने ऐकणाऱ्याचे काळीज हेलावून जाई.

१९३५ साली तिने ‘मोक्पोचे अश्रू’ हे गीत गायिले. वरवर पाहता ते बंदरावरील एका विरहिणीचे गाणे. परंतु त्यात युदाल पर्वताच्या नोजोक शिखराचा उल्लेख होता. सोळाव्या शतकात जपानी सैन्य चालून आले, तेव्हा सेनापती यी सुन-सिन याने हे शिखर गवताने झाकले आणि धान्याची प्रचंड रास भासवून शत्रूस चकविले, अशी आख्यायिका आहे. तीनशे वर्षांचे ते शल्य उघडपणे छापले असते, तर सरकारने गाणेच बंद पाडले असते. म्हणून छापील शब्दांत अक्षरांचा थोडा फेरफार करण्यात आला. लोकांना खरा अर्थ उमगायचा तो उमगलाच! ग्रामोफोनच्या तबकडीवरून ते गीत देशभर पसरले.

पुढे संगीतकार किम हे-सोंग याच्याशी तिचा विवाह झाला. १९५० साली युद्ध पेटले. उत्तर कोरियाच्या सैन्याने पतीला धरून नेले. तो परतला नाही. पदरात सात मुले, आणि घरात अन्नाचा कण नाही. नान्यंग अमेरिकन सैनिकांपुढे गाऊ लागली. सुक-जा व ऐ-जा या मुली आणि भाची मिन-जा यांनाही तिने इंग्रजी गाणी शिकविली. मुलींना इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते; नुसते उच्चार घोकून त्या गात. सैनिकांकडून बक्षीस मिळे ते मद्याच्या बाटल्यांचे. त्या विकाव्या, तेव्हा तांदूळ मिळे. याच तिघी ‘किम सिस्टर्स’ म्हणून १९५९ साली अमेरिकेत गेल्या व तेथे नावारूपाला आल्या.

नान्यंग १९६५ साली निवर्तली. चार वर्षांनी युदाल पर्वतावर तिच्या गीताचा शिलास्तंभ उभारण्यात आला. २००६ साली तिचे अवशेष मोक्पोला आणून सामहाक बेटावर एका झाडाखाली पुरण्यात आले. या बेटाचे नावही तिच्या त्या गीतात आहे.