ओट्याच्या दगडाचे वय

काही वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातला जुना कडाप्पा काढून ग्रॅनाइटचा ओटा केला. तांबूस दगड, त्यात करडे-काळे ठिपके. माल अगदी नवा आहे, अशी दुकानदाराने ग्वाही दिली तेव्हा मला हसू आवरेना. कारण त्याच सुमारास मी आर्थर होम्स या माणसाबद्दल वाचत होतो, आणि त्याने सारा जन्म दगड किती जुना, हेच मोजण्यात घालवला होता.

होम्स यांचा जन्म १८९० साली उत्तर इंग्लंडमधला. घरच्या बायबलच्या समासात सृष्टीच्या निर्मितीचे साल छापलेले होते, इसवी सनापूर्वी ४००४. त्या आकड्याने या मुलाला लहानपणीच ओढ लावली. पुढे लंडनला तो भौतिकशास्त्र शिकायला गेला, आणि भूशास्त्रात रमला.

युरेनियमचे हळूहळू शिसे होते, आणि त्याचा वेग ठरलेला असतो. निम्मे युरेनियम संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. मग खनिजातले युरेनियम आणि शिसे मोजले की वय निघाले! १९११ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, होम्स यांनी नॉर्वेतल्या एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. त्या काळी लॉर्ड केल्व्हिन यांच्या हिशेबाने साऱ्या पृथ्वीचेच वय दोन ते चार कोटी वर्षे धरले जाई.

पण कीर्तीने पोट भरत नाही. वर्षाला ६० पौंडांची शिष्यवृत्ती पुरेना, म्हणून ते खनिजांच्या शोधात मोझांबिकला गेले. सहा महिन्यांत हाती काही लागले नाही. हिवताप मात्र असा जडला, की त्यांच्या मृत्यूची बातमी घरी कळवली गेली. ते वाचले. १९२० मध्ये तेल कंपनीच्या नोकरीसाठी ब्रह्मदेशात गेले, तर कंपनीच बुडाली. त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षांचा मुलगा तिथेच हगवणीने गेला. कोट्यवधी वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या बापाला ती तीन वर्षे कशी मोजावीशी वाटली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९२४ मध्ये रिकाम्या हाताने परतलेल्या होम्स यांना डरहॅम विद्यापीठाने भूशास्त्र विभाग सोपवला, आणि गाडी रुळावर आली. १९४३ पासून ते एडिंबरोत प्राध्यापक होते. भारतीय द्वीपकल्पातल्या अतिप्राचीन खडकांच्या कालमापनावरही त्यांनी १९५५ मध्ये लिहिले.

त्यांची दुसरी पत्नी डोरिस रेनॉल्ड्स याही भूशास्त्रज्ञ. ग्रॅनाइट वितळलेल्या शिलारसातून होतो, की जुना खडकच न वितळता पालटून होतो, यावर त्या काळी शास्त्रज्ञांत कडाक्याचे भांडण होते. पती-पत्नी दोघेही दुसऱ्या पक्षाचे. १९५८ मध्ये टटल आणि बोवेन यांच्या प्रयोगांनी पारडे शिलारसाकडे झुकवले. १९६५ मध्ये होम्स वारले.

म्हणजे ग्रॅनाइटच्या बाबतीत होम्स चुकले. पण तो ग्रॅनाइट तयार व्हायला लागतो किती वेळ, याचे उत्तर त्यांच्याच घड्याळाने दिले. शिलारसात झिरकॉनचे स्फटिक वाढतात, रव्याच्या कणाहूनही बारीक. (दागिन्यांतला अमेरिकन डायमंड तो नव्हे बरे.) वाढताना झिरकॉन युरेनियमला घरात घेतो, शिशाला जवळजवळ दारातच अडवतो, म्हणून आत सापडणारे शिसे बहुतेक नंतरचे. शिवाय त्यावर थरावर थर चढतात, तेव्हा गाभा जुना आणि कड नवी.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचे प्रचंड कडे हे शिलारसाच्या एकाच मोठ्या उसळीतून झाले, असे पूर्वी मानत. तशी उसळी असती तर ती दहा लाख वर्षांच्या आतच थिजली असती. २००४ मध्ये कोलमन, ग्रे आणि ग्लेझनर यांनी तिथले झिरकॉन मोजले. तो सारा खडक सुमारे साडेनऊ कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे तब्बल एक कोटी वर्षे, थोडा थोडा करून साचला होता. त्यातल्या हाफ डोमच्या एका प्रकारच्या दगडालाच जवळपास चाळीस लाख वर्षे लागली.

आमच्या ओट्यात झिरकॉन बहुधा असतीलच. पण ते बघायला सूक्ष्मदर्शक हवा, आणि दगडाचा तुकडा कापून द्यायला घरून परवानगी नाही.