फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात हैदराबादच्या एका उर्दूभाषिक शिक्षकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, तेव्हा रहीमसाहेबांना सर्वस्वी परके कसे म्हणावे? दुसरे असे की, त्यांच्या कीर्तीचा पाया घातला गेला तो मुंबईच्या कूपरेज मैदानावर. आणि तिसरे कारण आम्हां भिलाईकरांपुरते आहे. रशियाशी आपल्या कारखान्याचा करार झाला १९५५ च्या फेब्रुवारीत आणि पहिली झोतभट्टी सुरू झाली १९५९ च्या फेब्रुवारीत. आपल्या वडीलधाऱ्यांनी या माळावर बिऱ्हाडे थाटली, नेमक्या त्याच वर्षांत हा मनुष्य भारतीय फुटबॉल घडवीत होता.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते खेळले. पदवीनंतर शाळामास्तर झाले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही त्यांनी घेतली. खेळाडू म्हणून त्यांचे नाव हैदराबादेबाहेर फारसे गाजले नाही, हे मोकळेपणी सांगितले पाहिजे. मात्र वर्गात मुलांना शिकविण्याची जी सवय त्यांना जडली, ती मैदानावरही सुटली नाही. हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद हाती आल्यावर त्यांनी शिकविण्यासाठीच सामने योजिले. काही सामन्यांत चेंडू पायाशी घोळवीत नेण्यास मनाई असे, तर काहींत दुबळ्या पायानेच खेळावे लागे. आज हे गमतीचे वाटेल. परंतु ज्याचा डावा पाय लुळा, त्याचा अर्धा खेळ लुळा, हे याहून सोपे करून कोण सांगणार?

१९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाची शिकवणी त्यांच्याकडे होती. या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कलकत्त्याच्या नामांकित संघांना हे सहन करणे जड गेले असावे. भारतीय संघही रहीमसाहेबांच्याच हाती आला आणि १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत मेवालालच्या एकमेव गोलाने इराणला हरवून आपण सुवर्णपदक मिळविले.

पुढल्याच वर्षी हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. अनवाणी खेळण्याचा आपल्याकडे मोठा अभिमान बाळगला जाई; त्या अभिमानाची किंमत एका दुपारी चुकती झाली. यापुढे बूट सक्तीचे झाले. एखादा दुसरा शिक्षक येथे खचला असता. रहीमसाहेबांनी पराभवाचा अभ्यास केला. १९५३ साली हंगेरीने इंग्लंडला वेम्बलेवर ६-३ असे नमविले, तेव्हा मधला आघाडीवीर मागे ओढून प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला चकविण्याची हंगेरियन रीत जगापुढे आली. तिचे मर्म आपल्याकडे लवकर ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते.

त्याचे फळ १९५६ साली मेलबर्नला मिळाले. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरविले. त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये अशी कामगिरी त्याच्यापूर्वी कोणा आशियाई खेळाडूने केली नव्हती. नेव्हिल मुंबईच्या टाटांच्या संघाचा, आणि गोलरक्षक नारायणही माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेला. मुंबईकरांना म्हणून त्या विजयाचे विशेष अप्रूप. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल आपणच केला, पण अखेर ४-१ अशी हार पत्करावी लागली. पुढे बल्गेरियानेही हरविले आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकविषयी एवढेच लिहितो की, त्या चमूत रहीमसाहेबांचे पुत्र हकीम होते आणि त्यांना एकाही सामन्यात उतरविले गेले नाही. पिता शिक्षक असण्याचे सुखदुःख शाळामास्तरांची मुले जाणतात.

१९६२ चा जकार्ता. रहीमसाहेबांच्या फुप्फुसांत कर्करोग शिरला होता. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी वगळल्याबद्दल आपल्या सोंधींनी हरकत घेतली, त्यामुळे तेथील जनता भारतावर खवळलेली होती. आपल्या दूतावासावरही जमाव चालून गेला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरविले. त्यानंतर थायलंड व जपान यांना आपण नमविले, पण थायलंडच्या सामन्यात जर्नेलसिंगचे डोके फुटले. मूळचा तो बचावपटू. जखम बांधलेल्या स्थितीत त्याला बचावात ठेवणे धोक्याचे आणि बाहेर बसविणे त्याहून धोक्याचे; रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर धाडले! दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ विजयात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर. गोलरक्षणास प्रद्युत बर्मनऐवजी उंचापुरा थंगराज उभा केला. सारे प्रेक्षागृह आपल्याविरुद्ध ओरडत असताना पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल चढविला. कोरियाचा गोल अगदी शेवटी झाला, तोवर उशीर झाला होता. चुनी गोस्वामींच्या संघाने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण त्यानंतर आपल्याला लाभलेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्य मिळाले तेवढेच.

जकार्त्याहून परतल्यावर रहीमसाहेब फार दिवस राहिले नाहीत. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तो २०२४ साली, एकसष्ट वर्षांनंतर. हकीम त्यापूर्वीच, २०२१ मध्ये, निवर्तले होते.