आखाडा सुटला, तालीम नाही

मराठवाड्यातील कुस्तीशौकिनांच्या मनात हरिश्चंद्र बिराजदार यांचे स्थान आजही अढळ आहे. शिरूर अनंतपाळच्या शेजारच्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. जन्म १९५० चा. त्या वेळी लातूर जिल्हा अस्तित्वातही नव्हता. कुस्तीसाठी त्यांनी कोल्हापूर गाठले आणि १९६९ मध्ये लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी किताब पटकावला. पुढे हिंद केसरी आणि रुस्तम-ए-हिंद हे मानही त्यांना मिळाले. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला अस्मान दाखवले. ती कुस्ती जुन्या शौकिनांच्या बोलण्यात कायम राहिली.

मल्लाच्या निवृत्तीला निरोपाचा सामना नसतो. एखाद्या वर्षी जत्रेच्या हस्तपत्रिकेवर त्याचे नाव दिसत नाही, तेव्हा चाहत्यांना ते उमगते. हळहळीला काळजीची किनार असते. कारण उतारवयात विपन्नावस्था आणि उपेक्षा अनेक नामवंत मल्लांच्या वाट्याला आली आहे.

बिराजदारांनी मात्र आखाडा सोडला तरी तालीम सोडली नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद झाले. शिष्यांचे ‘मामा’ झाले. लातूरचे अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार आणि बीडचा राहुल आवारे हे त्यांचेच शिष्य.

सप्टेंबर २०११ मध्ये पुण्यात मामांचे निधन झाले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकल्यावर आवारेने ते मामांच्याच स्मृतीस अर्पण केले. चाहत्यांनी मल्ल गमावला होता. महाराष्ट्राच्या कुस्तीला वस्ताद लाभला होता.