विश्लेषण : गाडी स्वतःची बॅटरी चार्ज कशी करू लागली? कोण होते चार्ल्स केटरिंग?

जुन्या क्लासिक गाड्यांचे अनेक मालक आज डायनॅमो आणि रेग्युलेटरचा वेगळा डबा काढून, रेग्युलेटर पोटातच असलेला अल्टरनेटर बसवतात. कारण गाडी सिग्नलला उभी असली की डायनॅमो पुरेशी वीज देत नाही आणि दिवे मंदावतात. मात्र गाडीने चालता चालता बॅटरी भरावी, ही पद्धत रुजवली ती चार्ल्स केटरिंग यांनी.

सुरुवात कशी झाली?
केटरिंग यांचा जन्म १८७६ चा, अमेरिकेतील ओहायोचा. डोळ्यांच्या त्रासाने शिक्षण खंडित झाले, पण १९०४ मध्ये ते इंजिनीअर झाले.

नेमके काय केले?
तेव्हा गाडी हँडल मारून सुरू होई. झटका उलटा बसला की हात मोडे. इंजिन फिरवायला अवजड मोटर लागेल, असा समज होता. गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवताना केटरिंग यांना उमगले होते, की काम क्षणभराचे असेल तर छोटी मोटरही जादा भार सोसते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांच्या डेल्को कंपनीचे यंत्र आले. ते आधी इंजिन सुरू करी, मग जनरेटर होऊन बॅटरी भरी.

दुसरी बाजू काय?
१९२१ मध्ये त्यांच्याच चमूने इंजिनाचे नॉकिंग थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले. ते विष अनेक दशके हवेत मिसळत राहिले.

१९५८ मध्ये केटरिंग यांचे निधन झाले. क्रायस्लरच्या १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर आला. आज जुन्या अमेरिकन गाड्यांत बदलून बसतो, तो अल्टरनेटर अनेकदा डेल्को-रेमीचाच असतो.